लढाईतला कामगार

सैन्यातील आवडती पलटण कोणती, असे विचारले म्हणजे बहुतेकांच्या तोंडी संगिनी रोखून चाल करून जाणाऱ्या पायदळाचे नाव येते. त्या मानाविषयी आमची तक्रार नाही. परंतु आयुष्याचा बराच भाग कामगारांत घालविलेल्या आमचे मन खडकीच्या ‘बॉम्बे सॅपर्स’कडे ओढ घेते. सॅपर म्हणजे लढाईतला कामगारच. रस्ता करणे, पूल बांधणे, पेरलेले सुरुंग काढणे हे त्याचे काम. तो वाट मोकळी करील तेव्हा रणगाडा हलणार. आणि रणगाडा पुढे गेला की वाट करणाऱ्याची आठवण फारशी कोणास राहत नाही.

१९४१ साली इथिओपियाच्या मोहिमेत याच दलाचे प्रेमिंद्रसिंह भगत यांनी चार दिवसांत, ५५ मैलांच्या टापूत, सुरुंगांची १५ क्षेत्रे साफ करविली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोणी म्हणेल, ती चाकरी साम्राज्याची होती. खरे आहे. पण हुकूम परक्याचा असला तरी हातातले कसब माणसाचे स्वतःचे असते, हे गिरणीत राबलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

पुढे तेच कसब स्वतंत्र देशाच्या कामी आले. एप्रिल १९४८ मध्ये फौज नौशेराहून राजौरीकडे निघाली. वाटेत झाडे आडवी टाकलेली, मोऱ्या उडविलेल्या, जागोजाग सुरुंग. तेथे कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे आपल्या तुकडीसह काम करीत होते. १९४० साली ते साधे शिपाई म्हणून भरती झाले होते. अधिकारी होऊन त्यांना थोडेच महिने झाले होते. ८ एप्रिलला तोफगोळ्यांनी त्यांचे दोन सॅपर ठार झाले आणि पाच जण जखमी. त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढचे दिवस गोळीबारात, रणगाड्याच्या आडोशाने सरपटत, त्यांनी मार्ग खुला केला. ११ तारखेस तर ते सतरा तास राबले. १२ तारखेस राजौरी हाती आली. राणे यांना परमवीरचक्र मिळाले.

आमच्या आदराचे पहिले कारण हे, की येथे हुकूम देणारा स्वतः हत्यार हाती घेऊन सर्वांच्या पुढे असतो. मागे उभा राहून दरडावणारा मुकादम येथे कामाचा नाही. दुसरे कारण हे, की या कामात जिद्दीइतकेच हाताचे कसब लागते; एक चूक झाली, तर ती सुधारायला माणूस उरत नाही. तिसरे असे, की लढाई संपली तरी या हातांचे काम संपत नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. त्यानंतर लष्कराच्या याच इंजिनियरांनी तेथे नवा पादचारी पूल उभारला. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो खुला झाला. त्या जवानांना आमचा सलाम. मात्र हा सलाम करून आपण थांबू नये. रोजच्या कामावर जाणाऱ्यांचा जिना रुंद करणे हे लढाईचे काम नव्हे, ते कारभाराचे काम आहे. ते वेळीच झाले असते तर सॅपरला बोलवावे लागले नसते, आणि ती २३ माणसे आपापल्या घरी पोचली असती.