क्लाउड होस्टिंग व वेब फ्रेमवर्क : नवोद्योगातील निवड
दुसऱ्याच्या मालकीची संगणकक्षमता इंटरनेटद्वारे हवी तेवढी भाड्याने घेण्याच्या सोयीस क्लाउड होस्टिंग, तर वेब अनुप्रयोग रचण्यासाठी उपयोगी पडणाऱ्या तयार आज्ञावलींच्या सुसूत्र संचास वेब फ्रेमवर्क म्हणतात. ॲमेझॉनच्या एस३ व ईसी२ या सेवा २००६ मध्ये सुरू झाल्यावर अल्प भांडवलाच्या नवोद्योगांना आरंभीच स्वतःचे संगणक विकत घेण्याची गरज उरली नाही.

या सेवांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात आभासी संगणक मिळतो. त्याची देखभाल ग्राहकाने करावयाची असते. दुसऱ्यात ती सेवादाता करतो, त्यामुळे मनुष्यबळ वाचते. परंतु परावलंबन वाढते. उदा., गूगल ॲप एंजिनवर आरंभी (२००८) केवळ पायथन भाषा व गूगलचेच माहितीभांडार उपलब्ध असल्याने तेथील अनुप्रयोग अन्यत्र हलविणे कष्टाचे होते. हेरोकू या मंचाने २०२२ मध्ये विनामूल्य योजना बंद केल्यावर ग्राहकांपुढे शुल्क किंवा स्थलांतर हेच पर्याय उरले.

इन्स्टाग्रॅम ही छायाचित्रसेवा (२०१०) जँगो या मुक्त फ्रेमवर्कवर आधारलेली असून प्रारंभी ॲमेझॉनच्या आभासी संगणकांवर चाले. २०१२ मध्ये फेसबुकने ती विकत घेतली, तेव्हा तिचे कर्मचारी केवळ १३ होते. पुढे ती फेसबुकच्या संगणककेंद्रांत हलविली गेली. जँगो मात्र कायम राहिले. म्हणून निवड करताना तंत्रज्ञांना अवगत असलेली भाषा व चालू खर्च यांबरोबरच मंच सोडण्यास पडणारे मोलही आधीच विचारात घेणे इष्ट ठरते.