सलग वेळ आणि तुटका वेळ

आज आपण घरी बसून स्वतःचा धंदा करणाऱ्या बायकांच्या वेळेबद्दल बोलणार आहोत. शिलाई, फॉल-पिको, पापड-कुरडया, चकली-चिवडा, मेंदी, आरी वर्क, गोधड्या, यातलं काहीतरी आपल्यातल्या बऱ्याच जणी करतात. आम्ही गटाचं काम बघतो, त्यामुळे कुणाची मशीन चालते, कुणाची धूळ खाते हे आम्हाला दिसतं. आणि हप्ता कुणाचा थकतो हेही दिसतं. विषयाची सुरुवात हप्त्यापासूनच झाली.

आमच्या गटातल्या एका वहिनींनी गटाकडून कर्ज घेऊन मोटारीची शिलाई मशीन आणली. हात चांगला, गिऱ्हाईक भरपूर. तरी चौथ्या महिन्यात हप्ता चुकला, पाचव्यात पुन्हा चुकला. बैठकीत विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दिवसभर मशीनवरच असते हो ताई, पण ब्लाऊज काही होत नाहीत." मागून कुणीतरी बोललंच, "घरीच तर असतेस, मग जातो कुठं वेळ?"

त्यांचे डोळे भरले. मग खरी गोष्ट बाहेर आली. एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या साडीवरचा ब्लाऊजपीस त्यांच्या हातून बिघडला होता. बाह्या बेतताना मधेच नळाला पाणी आलं म्हणून त्या उठल्या. परत येऊन दुसरी बाही कापली ती पहिलीसारखीच, कापड न उलटता. बाहीच्या मुंढ्याला पुढची बाजू जास्त खोल असते, हे शिवणाऱ्या सगळ्या जाणतात. म्हणजे दोन्ही बाह्या उजव्याच झाल्या. जरीचं कापड, तेवढंच आलेलं. त्याची भरपाई दिली ती हप्त्याच्या पैशातून.

बचत गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. रुपयाचा हिशेब आपण लिहितो, पण तासाचा कधी कुणी लिहिलाय? आम्ही त्या वहिनींना मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं दिली आणि म्हणालो, चार दिवस फक्त तीन गोष्टी लिहा. किती वाजता बसलात, किती वाजता उठलात, कशासाठी उठलात. बाकी काही बदलू नका.

पहिल्याच दिवशीचं पान बघून आम्ही गप्प झालो. त्या अकरा वेळा उठल्या होत्या. पाणी, गॅसवाला, आत्यांचा चहा, माप द्यायला आलेली शेजारीण, शेळीला चारा, "आमचा झाला का ब्लाऊज?" म्हणून दोन फोन. मशीनवरचा वेळ जोडला तर साडेतीन तास भरला, पण त्यात सगळ्यात लांब बैठक होती पंचवीस मिनिटांची. आणि परत बसलं की आधी बघायचं, आपण कुठवर आलो होतो, खडूची खूण कुठली, दोरा कुठला. त्यातच पाच-सात मिनिटं जातात. अकरा वेळा सात मिनिटं म्हणजे सव्वा तास झाला की!

हे एकट्या त्यांचंच नाही. देशात लोकांचा दिवस कसा जातो याची सरकार पाहणी करतं. 2024 सालच्या पाहणीत आलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी 289 मिनिटांचा वेळ जातो. म्हणजे पाच तासांना थोडा कमी. तेच काम करणाऱ्या पुरुषांचा वेळ जातो 88 मिनिटं. आणि हे पाच तास एका जागी नसतात, दिवसभर शेवयांसारखे पसरलेले असतात. आपला धंदा मधल्या फटींत करायचा असतो.

म्हणून आम्हाला वाटतं, "पहाटे चारला उठा" हा सल्ला आपल्या कामाचा नाही. मोबाइलवर असे व्हिडिओ पुष्कळ येतात. आपल्या बायका आधीच पाचला उठतात. आणखी तासभर झोप कापली की दुपारी डोळा लागतो, आणि दोन उजव्या बाह्या होतात. वेळ वाढवण्यापेक्षा जो आहे तो ओळखणं जास्त गरजेचं आहे.

आपल्याकडे दोन तऱ्हेचा वेळ असतो. एक सलग, दुसरा तुटका. आणि कामंही दोन तऱ्हेची असतात. ज्यात मन लागावं लागतं, मधेच सोडलं तर बिघडतं, ते सलग वेळेचं काम. कापड बेतणं, कटोरीचं माप काढणं, गळा आणि बाही लावणं, हे सगळं त्यातलं. हातात घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं तरी बिघडत नाही, ते तुटक्या वेळेचं काम. हुक लावणं, हातशिलाई, साडीला फॉल टाचणं, धागे कापणं, बॉबिन भरून ठेवणं. आपली चूक कुठं होते? सकाळी दहाला घर शांत झालं की आपण हुक लावत बसतो, कारण ते सोपं आणि समोर पडलेलं असतं. आणि संध्याकाळी पोरं आली, भाजी फोडणीला टाकली, की कापड बेतायला घेतो.

वहिनींनी हेच उलटं केलं. पोरं शाळेत गेल्यावर अकरा ते एक फक्त बेतणं आणि मशीन. दिवसाउजेडी गडद कापडावरची खडूची खूणही नीट दिसते. हुक आणि हातशिलाईचं सगळं एका डब्यात भरून ठेवलं, सुई-दोऱ्यासकट. तो डबा संध्याकाळी ओट्याशी, नाहीतर दारात शेजारणीशी बोलताना मांडीवर. दोऱ्याचंही तसंच. आधी लाल फॉल, मग हिरवा, पुन्हा लाल असं न करता एका रंगाची कामं एकदम. चार-पाच बॉबिन आदल्या रात्री भरलेल्या. नाहीतर ऐन रंगात बॉबिन संपते आणि आपण उठतो. उठलं की चूल दिसते, चूल दिसली की चहा.

पण अकरा ते एक मिळायचे कसे? हाच अवघड भाग आहे, आणि तो मशीनवर सुटत नाही, घरात बोलावं लागतं. वहिनी आत्यांना म्हणाल्या, "आत्या, अकरा ते एक मी मशीनवर बसते. कुणी आलं तर कापड तेवढं ठेवून घ्या, चारनंतर या म्हणावं." आत्या म्हणाल्या, "आणि माझा चहा?" चहा थर्मासमध्ये करून ठेवायचं ठरलं. आत्यांना हे दोन आठवडे काही पटलं नाही. मग एक दिवस आलेल्या गिऱ्हाइकाला त्या स्वतःच म्हणाल्या, "तिची कामाची वेळ हाय, मागनं या." फोनही त्या वेळात आत्यांच्याच जवळ असतो. दारावर पाटी लावली, माप देणे-घेणे चार ते सहा. एक गिऱ्हाईक रागावलं, "लई मोठी झाली" म्हणालं आणि दुसऱ्या शिंपिणीकडे गेलं. ते परत आलेलं नाही. हे सांगायला हवं, कारण वेळ बांधली की एखाद-दुसरं गिऱ्हाईक तुटतं.

एक छोटी सवय आम्हाला फार आवडली. उठावं लागलंच, तर उठायच्या आधी कापडाला टाचणीनं चिठ्ठी लावायची: "उजवी बाही झाली, डावी राहिली, कापड उलटून." एवढंच. परत आल्यावर आठवत बसायला लागत नाही. दुधाचं भांडं उतू जात असेल तर अर्थात चिठ्ठी राहू द्या.

इटलीत 1980 च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या विद्यार्थ्यानं अभ्यासासाठी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावायला सुरुवात केली. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विसावा. ती पद्धत जगभर गेली. ज्यांना दोन तास मिळतच नाहीत त्यांनी ती करून बघावी. आपल्याकडे मोबाइलचा गजर आहेच. पाच मिनिटांत मात्र खरंच उठायचं, पाठ ताणायची, लांब बघायचं. त्यात भांडी घासायला घेऊ नका.

आता दुसरी बाजू, हो म्हणण्याची. याबाबत आम्ही कुणाला शहाणपण शिकवायच्या जागी नाही, कारण एका दिवाळीला आम्हीच तोंडघशी पडलो. गटाच्या चकल्या चांगल्या म्हणून ऑर्डरी येत गेल्या आणि आम्ही प्रत्येकाला हो म्हणत गेलो. सोऱ्या दोनच, मोठी कढई एकच. एका दिवसात त्यातून किती किलो निघतात हे कुणी मोजलंच नव्हतं. वसुबारसेच्या रात्री दोन वाजेपर्यंत तळत होतो. घाईत तेल नीट तापू दिलं नाही, चकल्या मऊ पडल्या. काही गिऱ्हाइकांचे पैसे परत दिले. पैशापेक्षा लाज जास्त वाटली.

त्यानंतर आम्ही आधी मोजतो. एक कढई, दोन सोऱ्या, चौघी जणी, एका दिवसात किती? तेवढ्याला दिवसांनी गुणायचं आणि त्यातला एक दिवस सोडून द्यायचा. घरात कुणीतरी आजारी पडतं, लाइट जाते, गॅस संपतो. तो दिवस रिकामा राहिला तर झोपायचं. भाजणी आठ दिवस आधी दळून ठेवायची, डबे-लेबलं तुटक्या वेळेत. वहिनींचं माप असं निघालं, अस्तराचे दोन ब्लाऊज दिवसाला, त्यापेक्षा जास्त नाहीत. मग आठवड्याचे सहा दिवस धरून बारा नाही, दहाच घ्यायचे. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, तेव्हा वहीत तारखेच्या पुढे दहा आकडे भरले की अकराव्या बाईला सरळ पुढच्या आठवड्याची तारीख द्यायची. "बघते, करते" म्हणायचं नाही. गिऱ्हाइकाला उशीर चालतो एकवेळ, तारीख चुकलेली चालत नाही.

मोजण्यावरून लिज्जत पापडाची गोष्ट आठवते. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. आजही बहिणी सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ घेऊन जातात, घरी आपल्या सोयीनं लाटतात, आणि दुसऱ्या दिवशी पापड देऊन लाटणावळ घेतात. नीट बघा यात काय केलंय. पीठ मळणं, प्रमाण सांभाळणं, हे लक्ष देऊन करायचं काम केंद्रावर एका जागी. लाटणं घरी, सोडून-धरून करता येईल असं. आणि जेवढं पीठ नेलं तेवढंच काम, त्यामुळे आज किती करायचं हा प्रश्नच नाही. आपण एकट्या असलो तरी सकाळी स्वतःपुरतं पीठ मोजून घ्यावं. आज दोन ब्लाऊज आणि चार फॉल, की वही बंद.

आरी वर्क करणाऱ्या आमच्या एका ताईंचं वेगळं आहे. नक्षी सुचणं हे तिसऱ्याच तऱ्हेचं काम. ते ना गजरावर होतं, ना घाईत. त्या म्हणतात, भाकरी थापताना सुचतं, पण कापडासमोर बसले की आठवत नाही. आता ओट्याजवळ कागद आणि पेन्सिल लटकवलीय. पिठाच्या हातानं का होईना, दोन रेघा मारून ठेवतात. सगळं सुचलेलं कामी येत नाही. चालायचंच.

तासांची वही लिहिल्याचा आणखी एक फायदा झाला. वहिनींना कळलं की एका अस्तराच्या ब्लाऊजला हातशिलाई धरून अडीच तास लागतात. शिलाईतून अस्तर, दोरा, हुक, वीज वजा केली आणि अडीचनं भागलं, तर खुरपणीच्या रोजापेक्षा तास स्वस्त पडत होता. त्यांनी दर वाढवला. किती वाढवावा, कसा सांगावा, हा वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा बोलू. हप्ते मार्गी लागले. भादव्यात गौरीच्या दिवसांत पुन्हा एक चुकला, पण तो कधी भरणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

शेवटी एक प्रश्न आम्हाला हमखास येतो. ज्यांचं पोर अजून रांगतंय, त्यांनी सलग वेळ आणायचा कुठून? एकटीनं नाही मिळत, हे कबूल करू या. आमच्या दोघी सुनांनी अदलाबदल केली आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार एकीकडे दोन्ही पोरं, मंगळवार, गुरुवार, शनिवार दुसरीकडे. दुपारी दोन ते चार. जिच्याकडे पोरं, तिनं त्या वेळात कामाची आशा धरायची नाही. जिची मोकळीक, तिनं घरकाम काढायचं नाही, धंद्याचंच करायचं. गेल्या आषाढापासून हे चाललंय. मधे खाऊवरून दोघींची एकदा कुरबुर झाली. आता ज्याचा त्याचा डबा ज्याच्या त्याच्याबरोबर येतो.