रुमालाची गांठ

सातारा-सांगलीकडील हौशी मंडळींनीं चालविलेलें एखादें लहानसें संग्रहालय पाहतांना, कागद कोणत्या घरचा व कोणत्या रुमालांतला, हें आम्ही प्रथम विचारतों. मिती नसलेल्या पत्राचा काळ बहुधा शेजारच्या जमाखर्चावरूनच ठरतो. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं (तेही आमच्यासारखे संस्कृताचे शिक्षक!) पटवर्धनी दफ्तर त्याच भूमींत राहून वाचिलें. रा. ब. पारसनिसांचा साताऱ्याचा संग्रह मात्र, मेणवलीच्या नाना फडणिसी दफ्तरांतील कागदांसह, १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. कागद वांचले, हा मोठाच लाभ. तथापि कोणत्याही स्थलांतरांत रुमाल फुटला, कीं शेजारची साक्ष गेली. यास्तव लहान संग्रहालयांच्या चालकांनीं नवें दफ्तर येतांच, गांठ सोडण्यापूर्वीं, घराचें नांव टिपावें. सोडतांना कागदांचा क्रम.