पाच सेंटची परवानगी

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात फेअरफॅक्स नावाची काउंटी आहे. १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या किराणा दुकानात प्लास्टिकची पिशवी घेतली की बिलात पाच सेंट वाढू लागले. रक्कम क्षुल्लक, पण ती लावण्याचा अधिकारच काउंटीकडे नव्हता. साडेअकरा लाखांच्या आसपास लोकवस्ती आणि देशातल्या सर्वांत सधन काउंट्यांत गणना असूनही तिला तो शंभरेक मैलांवरच्या रिचमंडमध्ये, राज्याच्या विधिमंडळाकडून मागून घ्यावा लागला. अशी विधेयकं तिथे आधी पडत आली होती. २०२० मध्ये कायदा झाला, सप्टेंबर २०२१ मध्ये काउंटीच्या मंडळाने ठराव केला, तेव्हा कुठे पाच सेंट वसूल होऊ लागले.

काउंटीचं मंडळ म्हणजे निवडून आलेले दहा पर्यवेक्षक. आपल्या जिल्हा परिषदेपेक्षा त्यांचा पसारा पुष्कळ मोठा आहे: पोलिस, अग्निशमन, ग्रंथालयं, जमिनीच्या वापराचे नियम आणि जवळपास १ लाख ८० हजार मुलांच्या सरकारी शाळांचा बराचसा खर्च. जबाबदारी एवढी आणि अधिकार मात्र उसने, हे कोडं दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. १८६८ मध्ये आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी एका रेल्वे कंपनीच्या खटल्यात निकाल दिला. स्थानिक संस्था ही राज्याच्या विधिमंडळाची निर्मिती आहे, विधिमंडळाने दिले तेवढेच अधिकार तिला, असा त्याचा आशय होता. त्यात भर पडली ती अशी, की अधिकाराबद्दल शंका असेल तर निकाल स्थानिक संस्थेच्या विरोधात जावा. तीनच वर्षांनी मिशिगनमध्ये न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी नेमकं उलटं मत मांडलं, की स्थानिक कारभार हा लोकांचा मूळचाच हक्क आहे. अमेरिकेत कायद्याच्या पातळीवर शेवटी डिलन टिकले. पुढे अनेक राज्यांनी आपल्या शहरांना आणि काउंट्यांना कमी-अधिक स्वायत्तता दिली. व्हर्जिनिया मात्र डिलनचा नियम आजही कडकपणे पाळतं. १९६९ मध्ये राज्याच्याच घटना-सुधारणा आयोगाने मोठ्या स्थानिक संस्थांसाठी तो उलटवण्याची शिफारस केली होती. विधिमंडळाने ती स्वीकारली नाही.

डिलन यांचा अविश्वास निराधार नव्हता. रेल्वे आपल्या गावातून जावी म्हणून त्या काळात गावोगावच्या कारभाऱ्यांनी ऐपत न पाहता कर्जरोखे काढले आणि लोकांच्या डोक्यावर बोजा ठेवला. पण त्या भयापोटी घातलेली बेडी एकविसाव्या शतकातल्या काउंटीच्या पायात आहे, हे मला पटत नाही.

ही बेडी असल्यामुळेच फेअरफॅक्सला दर वर्षी रिचमंड गाठावं लागतं. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं. ते सम वर्षी साठ दिवसांचं असतं, विषम वर्षी त्याहून लहान. १०० प्रतिनिधी आणि ४० सिनेटर, सगळे अर्धवेळ आमदार, आणि समोर विधेयकांचा ढीग. त्याआधीच्या महिन्यांत काउंटीचं मंडळ आपला ‘लेजिस्लेटिव्ह प्रोग्रॅम’ ठरवतं. कोणते नवे अधिकार हवेत, कशाला पाठिंबा, कशाला विरोध, हे सगळं लिहून उघड बैठकीत मंजूर होतं. अधिवेशन सुरू झालं की मंडळाची समिती आठवड्यागणिक विधेयकं चाळते आणि रिचमंडमध्ये बसलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांना भूमिका कळवते.

खरी लढाई सभागृहात होत नाही. बहुतेक विधेयकं सकाळच्या पोटसमितीत, मोजक्या सदस्यांच्या हातून निकालात निघतात. तिथे काउंटीचा माणूस उभा राहून सांगतो, की या कलमाने आमच्यावर एवढा खर्च पडेल, हा शब्द बदला. दुसरा व्यवसाय सांभाळून आलेल्या आमदाराला ही माहिती लागतेच. काउंटीचं वजन मला इथे दिसतं. दुसऱ्या जिल्ह्यातला आमदार फेअरफॅक्सच्या मतदारांना बांधील नसतो, तरी खरा आकडा वेळेवर समोर आला तर तो ऐकतो. सगळ्या ९५ काउंट्यांची संघटनाही तिथेच असते. पण दक्षिणेकडच्या डोंगराळ काउंटीचं हित आणि राजधानी वॉशिंग्टनला खेटून असलेल्या फेअरफॅक्सचं हित दर वेळी जुळत नाही.

शाळांच्या पैशात हे ठळकपणे दिसतं. स्थानिक ऐपतीचा निर्देशांक काढून राज्य मदत वाटतं. श्रीमंत काउंटीला कमी, गरीब काउंटीला जास्त. तत्त्व योग्यच आहे. पण २०२३ मध्ये विधिमंडळाच्याच तपास आयोगाने दाखवून दिलं, की व्हर्जिनियातल्या शाळांना दर विद्यार्थ्यामागे मिळणारा पैसा पन्नास राज्यांच्या सरासरीपेक्षा १४ टक्के कमी आहे, म्हणजे सुमारे १९०० डॉलर कमी. प्रश्न एकट्या श्रीमंत काउंटीच्या तक्रारीचा उरला नाही. खड्डा मालमत्ता करातून भरायचा आणि कर लावायचा अधिकार शाळा मंडळाला नाही, म्हणून ओझं पुन्हा पर्यवेक्षकांवर येतं.

पुष्कळदा काम मागण्याचं नसून अडवण्याचं असतं. काउंटीतल्या टायसन्स भागात कॅसिनोची वाट मोकळी करणारं विधेयक आलं, ते काउंटीने मागितलेलं नव्हतं. आधीचे कॅसिनो ज्या शहरांत आले, ती शहरं ते मागत होती. फेअरफॅक्सच्या बहुतेक पर्यवेक्षकांनी विरोध कळवला. २०२५ मध्ये विधेयक सिनेटमधून पार झालं आणि प्रतिनिधी सभागृहात अडकलं.

इथवर काउंटीची बाजू घेणं सोपं आहे. हॉटेलातल्या जेवणावरच्या कराची गोष्ट मात्र अवघड आहे, आणि ती टाळून चालणार नाही.

व्हर्जिनियात शहरांना असा कर स्वतःच्या ठरावाने लावता येत होता. बहुतेक काउंट्यांना त्यासाठी सार्वमत घ्यावं लागे. शहरं दाट, काउंट्या ग्रामीण, असा जुना हिशेब त्यामागे होता. फेअरफॅक्स आता कुठल्याही अर्थाने खेडं नाही. शेजारच्या चिमुकल्या फॉल्स चर्च शहराला जे जमतं ते साडेअकरा लाख लोकांच्या काउंटीला जमू नये, हे अन्यायाचंच होतं. महसुलाचा बहुतांश भार घरांवरच्या करावर पडत राहिला. म्हणून ‘काउंट्यांना शहरांइतके कराधिकार द्या’ ही मागणी काउंटीच्या कार्यक्रमात वर्षानुवर्षं राहिली.

पण याच काउंटीच्या मतदारांना थेट विचारलं गेलं होतं. १९९२ मध्ये त्यांनी ‘नाही’ म्हटलं. २०१६ मध्ये चार टक्क्यांचा प्रस्ताव आला, तेव्हाही ‘नाही’च. २०१९ च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली आणि दोन दशकांहून अधिक काळाने राज्याची सगळी सूत्रं त्या पक्षाच्या हाती आली. २०२० मध्ये पिशवीच्या कायद्याबरोबर हाही कायदा झाला: काउंट्यांना सहा टक्क्यांपर्यंत कर, सार्वमताविना. ज्या काउंट्या सार्वमत हरल्या होत्या त्यांनी तेव्हापासून सहा वर्षं थांबावं, एवढीच अट. मे २०२५ मध्ये फेअरफॅक्सच्या मंडळाने चार टक्के कर मंजूर केला, तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला.

लोकांच्या पैशातून पाठवलेल्या प्रतिनिधींनी लोकांचंच ‘नाही’ रिचमंडमध्ये पुसून घेतलं का? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी गप्प करणार नाही. मला वाटतं, काउंटीने अधिकार मागितला यात गैर नव्हतं. तो मिळाल्यावर स्वतःहून आणखी एकदा मतदारांपुढे जायला हवं होतं. निवडून आलेल्या मंडळाने कर ठरवावा आणि निवडणुकीत जाब द्यावा, हा युक्तिवाद मजबूत आहे. पण दोनदा मिळालेल्या उत्तराला तो पुरेसा ठरत नाही.

तरीही हा कर कोणी मागितला, कोणत्या वर्षापासून, आणि शेवटी कोणी कसं मत दिलं, हे सगळं उघड कागदावर आहे. राग कोणावर धरायचा हे फेअरफॅक्सच्या रहिवाशाला ठाऊक आहे. दहाही पर्यवेक्षकांची पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे.