कोहमाऱ्याच्या दक्षिणेला, पुलांखालची रणांगणं

रणभूमी म्हटलं की पानिपतासारखं मोकळं मैदान डोळ्यांपुढे येतं. गोंदिया-गडचिरोलीच्या सीमाभागात तसं मैदान नाही. पोलीस आणि माओवादी यांच्यातल्या इथल्या लढाया जंगलात आणि रस्त्यावर झाल्या, आणि रस्त्यावरच्या बहुतेक एखाद्या नाल्याजवळ. त्या जागा पाहायच्या तर सकाळी लवकर कोहमारा चौकातून निघावं. मुंबई-कोलकाता महामार्ग इथून पूर्वेला देवरीवरून छत्तीसगडात जातो. आपण तो सोडून दक्षिणेचा, नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगावचा रस्ता धरायचा. पुढे झाडीपट्टी नाटकांचं माहेरघर असलेलं वडसा, आणि तिथून पूर्वेला कुरखेडा.

कुरखेड्याहून पुराड्याकडे जाताना जांभूळखेड्याजवळ लेंढारी नाला लागतो. १ मे २०१९च्या पहाटे माओवाद्यांनी पुराड्याजवळ दादापूरला रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून जास्त वाहनं जाळली. खबर मिळताच कुरखेड्याचं शीघ्र कृती दल एका खासगी गाडीतून तिकडे निघालं. जाळपोळ हे आमिष होतं. नाल्यावरच्या पुलापाशी भूसुरुंगाचा स्फोट झाला आणि १५ जवान ठार झाले. सोळावा माणूस त्या गाडीचा चालक होता. ‘पंधरा जवान शहीद’ एवढंच सांगताना तो गळून जातो. या पुलावर उभं राहिल्यावर सोळा माणसं आठवावीत, असं मला फार वाटतं.

पूलच का, हे इथे आल्यावर समजतं. पुलाखाली पोकळी असते, स्फोटकं दडवायला जागा मिळते. रस्त्याचं काम चालू असेल तर उकरलेली माती कुणाच्या नजरेत खुपत नाही. दोन्ही बाजूंना झाडी, त्यामुळे लांबवर तार ओढून कळ दाबणारा दिसत नाही. म्हणूनच अशा भागात गाडीने न जाता पायी जायचं, आधी एका तुकडीने रस्ता आणि पूल तपासायचे, मगच मागच्यांनी यायचं, ही सुरक्षा दलांची रीत. ती पाळायला वेळ लागतो. पुढे आग लागलेली असताना वेळच नसतो, आणि आमिष लावणाऱ्याचा हिशेब नेमका त्यावर असतो.

रस्त्याशी असं वैर का? रस्ता आला की पोलीस मदत केंद्र येतं, ठेकेदार येतो, मोबाइलचा टॉवर येतो. दलमला, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीला, जंगलाचं जे संरक्षण होतं, ते रस्त्यामुळे कमी होतं. दळणवळणावरचा घाव इथे नवा नाही. बाबूराव शेडमाके यांच्या १८५८च्या उठावात, २९ एप्रिलला, प्राणहितेकाठच्या चिंचगुंडीला इंग्रजांच्या तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे त्यात मारले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला शेडमाक्यांना चांद्याला फाशी दिलं गेलं. त्यांचा लढा आणि आजचा माओवाद एका मापाने मोजू नये. एक परकी सत्तेविरुद्ध होता, तर दुसऱ्याने खबऱ्या ठरवून इथल्याच आदिवासींचे जीव घेतले. तरी सत्ता या जंगलात आधी तारेच्या आणि रस्त्याच्या रूपाने शिरते, हे दोन्ही काळांत खरं आहे.

सगळ्यात जड वर्ष २००९चं. १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यातल्या मरकेगावला माओवाद्यांच्या हल्ल्यात १५ पोलीस मारले गेले. २१ मे रोजी त्याच तालुक्यात हत्तीगोटाजवळ १६, त्यांत पाच महिला शिपाई. ८ ऑक्टोबरला भामरागडच्या लाहेरीला १७. ही ठिकाणं एका दिवसाच्या फेरीत बसत नाहीत, पण त्या वर्षाची दुसरी बाजू इथे सांगायलाच हवी. त्याच २००९मध्ये, त्याच धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एकही गोळी न झाडता, ग्रामसभेत बसून, वर्षानुवर्षं अभ्यास करून. आपल्या आजच्या वाटेवरच्या कोरची तालुक्यातही झेंडेपारच्या लोहखाणीला ग्रामसभांनी सनदशीर मार्गानेच विरोध केला. बंदुकीच्या दोन टोकांमध्ये जी माणसं उभी होती, त्यांचा हा इतिहास आहे. रणांगणं बघायला येणाऱ्याने तो वगळला तर त्याने अर्धंच पाहिलं.

पुराड्यापुढे बेडगावचा घाट चढून कोरचीला पोहोचावं. छत्तीसगडला लागून असलेल्या याच तालुक्यातल्या जंगलात, मर्दिनटोल्याजवळ, १३ नोव्हेंबर २०२१ रोजी गडचिरोली पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकांची माओवाद्यांशी दिवसभर चकमक झाली. २६ माओवाद्यांचे मृतदेह मिळाले, त्यांत केंद्रीय समितीचा मिलिंद तेलतुंबडे होता. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड जिथे मिळतात त्या पट्ट्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. ही जागा रस्त्यावरची नाही. तिथे जायचा हट्ट धरू नये. ऑक्टोबर २०२५मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. पुढच्याच महिन्यात याच तीन राज्यांच्या विभागाचा प्रवक्ता अनंत साथीदारांसह गोंदिया पोलिसांना शरण आला. म्हणून आज ही फेरी शक्य आहे. दहा वर्षांपूर्वी ती मी कुणाला सुचवली नसती.

तरीही काही पथ्यं आहेत. ओळखपत्र जवळ असू द्यावं. चौकीचे, मोर्च्यांचे, गस्तीवरच्या जवानांचे फोटो काढू नयेत. गावकऱ्यांना ‘तेव्हा काय झालं’ म्हणून खोदून विचारू नये. दोन्ही बाजूंच्या विचारपुशीत त्यांनी खूप सोसलं आहे. स्वतःहून कुणी बोललं तर ऐकावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. धान कापलेलं असतं आणि नाले सहज दिसतात. अंधार पडायच्या आत कोरचीहून देवरीला उतरावं. देवरीला पुन्हा महामार्ग मिळतो, आणि मालवाहू ट्रकांच्या रांगेतून मासुलकसा घाट ओलांडला की कोहमारा फार लांब राहत नाही.