पारानालची रात्रपाळी

दुपारी १. चिलीच्या आटाकामा वाळवंटात, २,६३५ मीटर उंचीवरच्या पारानाल वेधशाळेत रात्रपाळीच्या मंडळींची सकाळ आत्ता होते.

दुपारी ३. अंशांकन. येपून दुर्बिणीवरच्या ‘म्यूझ’ या उपकरणात २४ वर्णपटमापक आहेत. ठरावीक तरंगलांबीचे दिवे लावून प्रत्येकाची पट्टी जुळवून घ्यायची. काम रटाळ, पण इथे आळस केला तर पुढची सगळी रात्र फुकट.

संध्याकाळी ६. जूनमधला सूर्य लवकर बुडतो. घुमट उघडतात, ८.२ मीटरचा आरसा थंड हवेला सरावतो.

रात्री ८. चार नारिंगी लेसर वर झेपावतात आणि ९० किलोमीटरवरचा सोडियमचा थर उजळून कृत्रिम तारे तयार करतात. त्यांच्याकडे बघत लवचीक आरसा हवेची थरथर क्षणोक्षणी दुरुस्त करतो. वाटेत विमान येणार असेल तर लेसर बंद!

रात्री ९. नरतुरंगातला पीडीएस ७० माथ्यावर येतो. सुमारे ३७० प्रकाशवर्षं दूर, वय जेमतेम ५० लाख वर्षं. म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात तान्हं बाळच. भोवती वायू-धुळीची चकती, चकतीत मोठी पोकळी आणि पोकळीत दोन ग्रह. त्यांच्यावर वायू अजून कोसळतोय, सेकंदाला शंभराहून जास्त किलोमीटर वेगाने. आदळला की प्रचंड तापतो, त्यातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरला तांबडा चमकतो. ग्रह वाढतोय याची ही खूण. अडचण एवढीच, की वायू ताऱ्यावरही पडतोय आणि तोही याच रंगात चमकतो. शिवाय ग्रह ताऱ्याला अगदी खेटून दिसतात: चंद्रबिंबाच्या रुंदीचे दहा हजार भाग केले, तर त्यातल्या एक-सव्वा भागाइतक्या अंतरावर.

पहाटे ६. उजाडायच्या आत घुमट बंद. एका चित्रात सुमारे ९०,००० वर्णपट.

दुसऱ्या दिवशी दुपारी ४. खरी कसोटी, माझ्या मते, वजाबाकीची. प्रत्येक बिंदूच्या वर्णपटातून ताऱ्याचा वर्णपट काढून टाकायचा. धुळीवरून परतलेल्या उजेडात ताऱ्याचीच रेषा असते, ती जवळपास पुसली जाते. ग्रहाची स्वतःची रेषा उरते. जून २०१८ मध्ये, उपकरणाच्या चाचणीच्या काळात घेतलेल्या अशाच नोंदींतून ‘बी’ या ग्रहाची रेषा मिळालीच, शिवाय ‘सी’ हा दुसरा ग्रह अनपेक्षितपणे हाती लागला. लायडनच्या सेबास्टियान हाफर्ट यांच्या गटाने २०१९ मध्ये ते जाहीर केलं.

नुसता तांबडा ठिपका मात्र पुरत नाही. वृषभेतल्या एलके सीए १५ भोवती २०१५ मध्ये असाच ग्रह जाहीर झाला होता. पुढच्या अवरक्त निरीक्षणांत तो उजेड बहुतांशी चकतीचाच असल्याचं दिसलं. २०२५ मध्ये विस्पिट २ बी हा ग्रह याच रंगात दिसला. तरीही ज्यांच्याबद्दल वाद उरलेला नाही अशी नावं अजून एका हाताच्या बोटांवर मावतात.