जामखेडचा हिशेब, आणि त्यात न धरलेला खर्च

सगळ्यांना आरोग्यसेवा द्यायची म्हटलं की पहिला सवाल येतो, पैसा कुठून आणायचा? अहिल्यानगर जिल्ह्यात याचं अर्धं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच मिळालं आहे.

1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दुष्काळी तालुका, दवाखान्यात गर्दी, आणि त्यातली बहुतेक दुखणी गावातच थोपवता येण्यासारखी: जुलाब, कुपोषण, अडलेली बाळंतपणं. त्यांनी गावांना आपापल्यातली एकेक बाई निवडायला सांगितली. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. या बायका बाळंतपण करायला, मुलांची वजनं घ्यायला शिकल्या. जुलाब लागलेल्या पोराला वेळेवर मीठ-साखरेचं पाणी मिळालं तर खर्च जवळजवळ शून्य. उशीर झाला की गाडीभाडं, बुडालेली रोजंदारी आणि सलाईन. (सलाईन लावल्याशिवाय डॉक्टरने काही केलं असं आपल्याकडे कुणाला वाटत नाही, हा खर्च वेगळाच.) आरोळ्यांच्या या आरोग्य प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 मध्ये हजार जन्मांमागे 176 अर्भकं दगावत, नव्वदच्या दशकात तो आकडा तिसाच्या आत आला. श्रेय एकट्या औषधांचं नाही. विहिरी, शेतकरी मंडळं, महिला मंडळंही त्यात होती. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सरकारचा भर मात्र दुसऱ्या टोकाला, रुग्णालयातल्या उपचारांवर दिसतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस अशा वेळी शेत विकण्याची पाळी टळते, ही लहान गोष्ट नव्हे. पण योजना प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णासाठी. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला मेडिकलमधून आणणाऱ्याच्या खिशाला तिचा फारसा आधार नाही. देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64 टक्के होता, 2021-22 मध्ये 39 टक्क्यांवर आला. सरकारी खर्च मात्र त्या वर्षी जीडीपीच्या 1.84 टक्केच होता. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत अडीच टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं.

सरकारी खर्च आधीच असा तोकडा, म्हणून जामखेडकडे बोट दाखवून ‘बघा, स्वस्तात होतं’ म्हणणाऱ्यांची मला धास्ती वाटते. गावातली बाई फुटलेलं अपेंडिक्स काढू शकत नाही. आरोळ्यांनीही मागे रुग्णालय उभं केलंच होतं. शिवाय स्वस्ताईतला मोठा भाग त्या बायकांच्या श्रमाचा. जामखेडच्या आरोग्य सेविका पगारी नोकर नव्हत्या. पण तिथे निदान त्यांच्या शब्दाला गावात वजन होतं, शिकणं वर्षानुवर्षं चालू होतं, पाठीशी डॉक्टर होते.

2005 पासून टप्प्याटप्प्याने देशभर सरकारी योजनेतल्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्या आल्या. गावातलीच बाई, ही कल्पना तीच. काम वाढत गेलं: गरोदर बायकांच्या नोंदी, क्षयरोगाचे रुग्ण, करोनात घरोघरी सर्वेक्षण. मोबदला बराचसा कामागणिक, आणि त्यालाही नाव ‘मानधन’. ते वाढावं म्हणून 2023 च्या ऑक्टोबरात राज्यातल्या आशा संपावर गेल्या. सार्वत्रिक आरोग्यसेवेचं अंदाजपत्रक मांडताना या बायकांचा पूर्ण पगार पहिल्या ओळीत धरावा लागेल. तो धरूनही, माझ्या मते, तो आकडा रुग्णालयांच्या बिलांपुढे किरकोळच राहील.